अर्धवट फाइलींचा जीर्णोद्धार

अर्धवट उतरलेली फाइल संगणकात जागा पूर्ण अडवते आणि उपयोगाला शून्य येते. ती हरवली की मात्र तिच्याइतकी मौल्यवान वस्तू घरात दुसरी नसते. फाइल-वाटपाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल एका ठिकाणाहून सलग येत नाही. दहा गावच्या दहा संगणकांवरून तिचे तुकडे येतात, तेही पुढचे मागे आणि मागचे पुढे. पंगतीत आधी ताक वाढावे, मग मीठ, आणि भात येईल तेव्हा यावा, तसा हा प्रकार.

या सॉफ्टवेअरांचे बारसे करणाऱ्यांनी वेगाबद्दल खोटी आशा दाखवलेली नाही. २००० साली ईडाँकी, म्हणजे गाढव आले. २००२ मध्ये ईम्यूल, म्हणजे खेचर. गाढव २००६ मध्ये कोर्टकचेरीपायी बसले ते उठले नाही, खेचर चालत राहिले. ब्रॅम कोहेनच्या २००१ मधल्या बिटटोरेंटच्या नावात लोंढा आहे खरा. पण तेव्हा काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या सोलापुरात लोंढा या शब्दावर कोणी फारसा भरवसा ठेवला नाही.

ईम्यूलमध्ये प्रत्येक अपूर्ण फाइलीमागे ‘टेम्प’ नावाच्या फोल्डरात दोन मुख्य वस्तू असतात. पहिली ‘पार्ट’, म्हणजे प्रत्यक्ष आलेला माल. दुसरी ‘पार्ट-मेट’, म्हणजे त्या मालाची वही. वही चिमुकली असते, आणि काय आले यापेक्षा काय यायचे राहिले, याच्या नोंदी ती ठेवते. किराणा दुकानातली उधारीची वहीही हेच करते. माल शाबूत असून वही गेली, तर दुकान आणि ईम्यूल या दोघांचीही अवस्था सारखीच होते.

सोलापूरकराला हे समजायला जॅकार्ड माग पुरतो. चादरीवरची नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत साठवलेली असते. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघालेल्या याच युक्तीतून पुढे संगणकाची भोकांची कार्डे आली. म्हणजे नात्याने संगणक हा मागाचा धाकटा भाऊ लागतो. वीज गेली की माग थांबतो, पण विणलेले कापड कुठे जात नाही. प्रश्न एवढाच उरतो, की माळेतला कितवा पुठ्ठा चालू होता. तो सापडला तर नक्षीतला मोर पुरा होतो. चुकला तर मोराला दोन माना येतात. म्हणून विणकर आधी पुठ्ठा शोधतो. चादर फाडून पहिल्या धाग्यापासून सुरुवात करीत नाही.

संगणकवाला मात्र नेमके हेच करतो.

फाइल हरवण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे वही लिहिली जात असतानाच वीज जाणे. महाराष्ट्रात भारनियमन जोरात होते, त्याच वर्षांत घरोघरी ब्रॉडबँड पोहोचले, हा योग पत्रिकेतही क्वचित जुळावा. बीएसएनएलची डेटावन सेवा २००५ मध्ये आली, आणि पुढे ५०० रुपयांच्या योजनेत रात्री २ ते सकाळी ८ ही वेळ मोफत झाली. आता हिशेब असा. वेग २५६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३२ केबी. सहा तासांत, एकही अडथळा न येता, ६७५ एमबी. सीडीवर मावणारी फाइल ७०० एमबीची. सकाळी आठच्या ठोक्याला २५ एमबी, म्हणजे सुमारे सव्वातेरा मिनिटांचे काम उरे, आणि त्याच ठोक्याला घरातला कर्ता पुरुष मॉडेमचे बटण बंद करी. ‘कसली फाइल?’ या प्रश्नाला सगळ्या पेठांत एकच उत्तर होते: ‘उबुंटूची सीडी’. शहरात उबुंटू ही संगणकप्रणाली वापरणारे मात्र फारसे आढळत नसत.

उपाय क्रमाने करावेत. पहिला उपाय म्हणजे काहीही न करणे. यादीत फाइल दिसत नाही म्हणून ती गेली असे होत नाही. अशा वेळी शेजारून एक जाणकार येतो आणि ‘फॉरमॅट मार बे’ असे सुचवतो. त्याला चहा द्यावा, माउस देऊ नये. सॉफ्टवेअर बंद करून टेम्प फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि पुढचे सर्व प्रयोग प्रतीवर करावेत.

दुसरा उपाय ईम्यूलचा. वही नव्याने लिहिण्याआधी ते जुनीची एक प्रत ‘बॅक’ या शेपटीसह ठेवते. बिघडलेली पार्ट-मेट बाजूला काढून या प्रतीची शेपटी उडवली, की ती वहीच्या जागी बसते. नव्या आवृत्त्या हे स्वतःच करून पाहतात. प्रत किंचित जुनी असल्याने शेवटच्या काही मिनिटांची आवक तिच्यात नसते. तेवढ्यावर पाणी सोडावे.

तिसरा उपाय टोरेंटचा. तेथे टोरेंट फाइल पुन्हा उघडावी, जुनेच फोल्डर दाखवावे, जुनेच नाव ठेवावे आणि ‘फोर्स रीचेक’ म्हणावे. नावामागे ‘!यूटी’सारखी शेपटी असेल तर तीही जुळवावी. फाइलीच्या आकारावर विसंबू नये. पुष्कळ सॉफ्टवेअर पूर्ण जागा आधीच अडवून ठेवते, त्यामुळे तीन टक्के आलेली फाइलही ७०० एमबीची दिसते. बसमध्ये रुमाल टाकला म्हणजे प्रवासी बसला असे होत नाही.

तपासणीचे तत्त्व दोन्हीकडे एकच. फाइलीचे ठरावीक भाग पाडलेले असतात आणि प्रत्येकाचा ‘हॅश’, म्हणजे अंगठ्याचा ठसा, आधीच नोंदलेला असतो. ईम्यूलचा भाग ९७,२८,००० बाइटांचा. म्हणून ६६ कोटी बाइटांच्या फाइलीचे बरोबर ६८ भाग होतात. ६८ हा आकडा सोलापुरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी ६८ लिंगे स्थापली, आणि संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजांसह त्या सर्वांना तैलाभिषेक होतो. एकही वगळून चालत नाही. हॅशची प्रदक्षिणाही तशीच पुरी करावी लागते, आणि तिलाही वेळ लागतो. एखादा भाग खोटा निघाला तर पूर्वी तो अख्खा टाकावा लागे. पुढे ईम्यूलने त्याचे १८० केबीचे ठोकळे पाडून तपासायची सोय केली. खड्यापायी परातभर पीठ फेकायचे थांबले.

काही फाइली मात्र वाचत नाहीत. डिस्कचीच जागा खराब झाली असेल, किंवा शेवटचा तुकडा जवळ असलेला जगातला एकमेव माणूस संगणक बंद करून झोपला असेल, तर ९९ टक्क्यांपुढे काटा हलत नाही. फाइल एव्हीआय प्रकारातली असेल तर तिची अनुक्रमणिका बहुधा शेवटी असते, म्हणून अपूर्ण चित्रपट मागेपुढे करता येत नाही. व्हीएलसीसारखा प्लेअर अनुक्रमणिका जुळवून जे आहे ते दाखवतो. त्यात खुनी कोण हे नसते.

शेवटची मर्यादा सर्वांत मोठी. हॅश जुळला म्हणजे जी फाइल मागितली तीच आली, एवढेच सिद्ध होते. तिच्यावरचे नाव खरे आहे, हे नव्हे. तीन रात्री जागून, वही सावरून, ६८ भाग तपासून पूर्ण केलेल्या फाइलीतून भलताच चित्रपट निघाला, तरी तांत्रिकदृष्ट्या जीर्णोद्धार यशस्वीच मानला जातो. सोलापूरच्या चादरीला खोट्या शिक्क्यांपासून जपण्यासाठी २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फाइलींना ती सोय नाही.