तिसऱ्या हाताचं मोठं पान

ब्रिजमध्ये माझा खेळ सर्वांत निर्दोष होतो तो मी डमी असताना. पानं टेबलावर मांडायची आणि हाताची घडी घालून गप्प बसायचं. दुर्दैवाने ही मौज सरासरी चार डावांत एकदाच वाट्याला येते. बोली जिंकून स्वतः खेळायची पाळीही साधारण तेवढीच. उरलेले निम्मे डाव बचावात जातात. तिथे माझ्या हातून जे घडतं त्याला आमच्या क्लबात बचाव म्हणत नाहीत, मदत म्हणतात. समोरच्यांना केलेली.

माझी सगळी घडण मेंढीकोटावर झाली. त्यात भिडूला काही सुचवायचं तर खाकरायचं, भुवई उडवायची, फारच निकड असेल तर टेबलाखालून लाथ मारायची. ब्रिजमध्ये हे सगळं वर्ज्य. बोलायचं ते पानांनी. भिडूने खेळलेल्या रंगात आपण मोठं पान टाकलं तर 'हाच रंग चालवा', लहान टाकलं तर 'दुसरं काही बघा'. आधी मोठं आणि मग लहान टाकलं तर 'माझ्याकडे या रंगाची पानं सम आहेत', म्हणजे बहुधा दोनच.

हे कळायच्या आधीच मी पानांनी भरपूर बोलून बसलो होतो. भिडूने चौकटचा एक्का उतरला. माझ्याकडे चौकटची नव्वी, पंजी आणि तिर्री. नव्वी कशाला सांभाळायची म्हणून ती आधी टाकली. भिडूच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांनी राजा खेळला, मी पंजी टाकली. मग त्यांनी मोठ्या विश्वासाने तिसरं चौकट खेळलं आणि ते मी हुकूम मारायची वाट बघू लागले. मी निमूटपणे तिर्री टाकली. डमीच्या राणीने हात केला. भिडू बँकेतून निवृत्त झालेले, थकबाकीदारांशी सौम्यपणे बोलायची सवय असलेले. ते एवढंच म्हणाले, "अहो, तुम्ही दोनच आहेत म्हणून सांगितलंत." मी म्हटलं, "मी कुठे काय बोललो?"

तेव्हापासून प्रत्येक पानाआधी मी विचार करू लागलो. त्यातही गोची झाली. एकदा रंगाचं एकच पान हातात असताना मी कपाळाला आठ्या घालून बराच वेळ बसलो. समोरच्या बाईंनी डायरेक्टरला बोलावलं. एकच पान असताना विचारात पडल्याचा देखावा करून समोरच्याला चकवणं नियमात बसत नाही. माझ्या विचारातून भिडूंनीही काही ताडायचं नसतं. मी खरंच विचार करत होतो, असं सांगितल्यावर डायरेक्टरनी विचारलं, "कसला?" घरी गॅस बंद केला होता का, याचा. पण ते सांगण्यापेक्षा लबाड ठरलेलं बरं वाटलं.

मग मी नियम पाठ केले. दुसऱ्या हाताने लहान, तिसऱ्या हाताने मोठं. ही दोन वाक्यं व्हिस्टच्या काळापासून चालत आलेली आहेत. चार भिंतींत मी ती स्तोत्रासारखी म्हणत असे.

आणि तो डाव आला. समोरचे तीन बिनहुकुमी खेळत होते, म्हणजे त्यांना नऊ हात हवेत आणि आम्हाला पाच. भिडूंनी इस्पिकची सत्ती उतरली. डमीवर इस्पिकची राणी, चौकी, तिर्री. माझ्याकडे एक्का, दश्शी, अठ्ठी. डमीतून तिर्री आली. तिसरा हात माझा. तिसऱ्या हाताने मोठं! मी एक्का असा आपटला की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळला. मग दश्शी परतवली. भिडूंनी पान लहान ठेवलं, डमीच्या राणीने हात केला आणि समोरच्यांचे नऊ हात बरोब्बर जुळले.

डाव संपल्यावर भिडूंनी खिशातून पेन काढलं. "अकरातून सात वजा करा."

"चार."

"सत्ती माझं वरून चौथं पान. एक्क्याला चौदा धरा, म्हणजे सत्तीच्या वर सात पानं. तीन माझ्याकडे. उरली चार. राणी डमीवर. एक्का, दश्शी, अठ्ठी कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"मग खेळणाऱ्याकडे सत्तीच्या वरचं काय उरलं?"

काहीच नाही. त्याच्याकडे होती छक्की, पंजी, दुर्री. माझ्या अठ्ठीने हात झाला असता. मग एक्का, मग दश्शी. तिच्यावर भिडूंचा राजा पडून एकटी उरलेली राणी त्याखाली आली असती आणि शेवटी त्यांचा गुलाम. इस्पिकचे चार आणि त्यांच्या बदामच्या एक्क्याचा पाचवा. डाव बुडाला असता.

मेंढीकोटात अशा वेळी 'पानंच पडली नाहीत' म्हणून सुटता येतं. डुप्लिकेट ब्रिजने तीही सोय ठेवलेली नाही. तीच पानं बोर्डात घालून टेबलाटेबलांवर फिरतात आणि शेवटी निकालाचा कागद समोर येतो. त्यात आमच्या दिशेला बसलेल्या बाकी सगळ्या जोड्यांनी तो डाव बुडवला होता. एकट्या आमच्या नावासमोर समोरच्यांचे पूर्ण गुण. भिडूंनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. थकबाकीची नोंद असावी.

घरी मात्र मी अजून ताठ आहे. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा बर्धन साठीचे होते, हे मी बायकोला अधूनमधून ऐकवतो. ती म्हणते, "त्यांना वजाबाकी येत असेल."

ते खरंच आहे. तेव्हा बचावाला बसणाऱ्या नवख्यांना माझा सल्ला एवढाच: भिडूचं पान चौथं असेल तर त्याचा आकडा अकरातून वजा करा, डमीची आणि आपली वरची पानं मोजा आणि मगच हात पुढे करा. स्तोत्रं त्यानंतर म्हणा. सगळ्याला दहा सेकंद पुरतात. मला जास्त लागतात, म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्यांनी चहा सांगूनच बसावं.