बहिष्काराची यादी

डिचोलीचा बाजार बुधवारी भरतो, म्हापशाचा शुक्रवारी. दोन्हीकडे फिरलात तर हरमलच्या मिरच्या, मोयऱ्याची केळी, सुके बांगडे, गावठी कोंबडा, केरसुण्या, कोयते, देवांच्या तसबिरी, सगळे मिळेल. लोहखनिज तेवढे मिळणार नाही. ‘अर्धा किलो घाला हो’ म्हणत कोणी पिशवी पुढे केल्याचे ऐकिवात नाही. डिचोली तालुक्यातले डोंगरच्या डोंगर ट्रकांत चढले, मांडवीतल्या बार्जींत उतरले आणि मुरगाव बंदरातून आधी जपानला, मग चीनला गेले. त्यातले एक ढेकूळही इथल्या गिऱ्हाइकाने घासाघीस करून घरी नेलेले नाही. जी वस्तू आपण कधी घेतलीच नाही, ती घ्यायची बंद कशी करायची? हा प्रश्न माझ्या भाच्याला पडला नाही, म्हणून मला पडला.

भाचा पुण्याला असतो. आजोळ पेडण्यात, त्यामुळे आंब्याच्या दिवसांत इकडे त्याची फेरी ठरलेली. यंदा तो रिकाम्या पिशवीबरोबर एक यादी घेऊन आला. खाणवाल्यांनी डिचोलीची वाट लावली, तेव्हा त्यांच्या मालावर बहिष्कार, असा एकूण आशय. संताप खरा होता. तो शिरगावला जाऊन आला होता. लईराई देवीचे शिरगाव. जत्रेला हजारो धोंड जिथे व्रत करून येतात आणि रात्री निखाऱ्यांवरून चालत जातात, त्या गावाच्या अंगाला लागून खाणींचे खड्डे आहेत. खड्डे जमिनीतल्या पाण्याच्या पातळीखाली गेले आणि विहिरी आटल्या. एक टन खनिज काढायला दोन-तीन टन माती उपसावी लागते. ती डंपावर पडते आणि पावसाळ्यात तिथून निघून शेतात येते. लईराईची एक बहीण मुळगावची केळबाय, दुसरी मयेची महामाया, तिसरी आमच्या पेडणे तालुक्यात मोरजीला, मोरजाय. खाणींनी वेढलेल्या बहिणींकडे पाहून समुद्राकाठच्या बहिणीला काय वाटत असेल, असे भाच्याने विचारले तेव्हा मलाही गलबलून आले. मोरजायच्या काठावर हॉटेले किती झाली हे मी त्याला सांगितले नाही. एका वेळी एकच दुःख.

तर यादी. शिरगाव, मये, मुळगाव या परिसरातला डिचोलीचा खाणपट्टा २०२२ च्या लिलावात वेदान्त कंपनीकडे गेला. त्याआधी २००७ साली याच गटाने सेसा गोवा ही खाण कंपनी जपानी मित्सुईकडून घेतली होती. या गटाचा व्यवहार ॲल्युमिनियम, जस्त, तेल असा पसरलेला. म्हणून भाच्याच्या यादीत जेवण गुंडाळायचा चंदेरी कागद, पत्र्याची बादली, छपराचे पत्रे आणि थंड पेयाचे डबे. मामीने यादी चष्मा लावून वाचली.

“बादलीवर जस्त कोणाचं ते लिहिलेलं असतं का रे?”

“नाही, पण मामी, शक्यता असते.”

“बादलीवर बहिष्कार घालीन हो मी. आधी नळाला दिवसभर पाणी येऊ दे.”

बादली खोडली गेली. मग डब्यातले पेय सोडून बाटलीतले प्यायचे ठरले, पण बाटलीचे बूच पत्र्याचे. मी गोटी सोडा सुचवला. भाचा खूश झाला. मग मीच, कारण नसताना, कणकवलीकडच्या कासार्ड्याला काचेसाठी सिलिका वाळू कशी खणून काढतात ते सांगत बसलो. त्याने शहाळ्याचा पर्याय काढला. मामी आतून म्हणाली, “पी. पण कोयत्याशिवाय सोल.”

थट्टा सोपी असते आणि अशा थट्टेत एक आळशी समाधान असते, हे मला कळते. सगळेच खाणीतून येते, तेव्हा कशालाच काही म्हणू नये, हा निष्कर्ष खाणवाल्यांना फार आवडेल. मला तो मान्य नाही. माझी शंका वेगळी आहे. अन्यायाची वाट आपल्या पिशवीतूनच जाते, आपण पिशवीचे तोंड आवळले की अन्याय गुदमरतो, हे भाच्याला कोणी सांगितले?

बहिष्कार आपल्या रक्तात आहे, हे खरे. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, टिळक होते, सावरकर होते. पण ते कापड लोकांच्या अंगावर होते, काढून टाकता येत होते. मँचेस्टरचा गिरणीवाला आणि पुण्याचा गिऱ्हाईक यांच्यात दोरी सरळ होती. डिचोलीच्या खनिजाची दोरी आपल्या हातात कधी नव्हतीच. गोव्याचा माल हलक्या प्रतीचा, देशातल्या पोलाद कारखान्यांनी त्याला फारसे विचारले नाही. तो गेला परदेशी भट्ट्यांत. त्याच्यावर बहिष्कार घालायचा तर आधी बीजिंगमध्ये बिऱ्हाड करावे लागेल.

आणि एक बहिष्कार गोव्यावर खरोखरच घातला गेला होता, तोही चांगला दणदणीत. १५ ऑगस्ट १९५५ ला आमच्या पेडण्याच्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, कर्नेलसिंग बेनिपाल तिथेच गेले. दिल्ली सरकारने आर्थिक नाकेबंदी आवळली, रेल्वे थांबली, भाजीपाला-धान्य बंद झाले. हेतू शंभर टक्के न्यायाचा. अपेक्षा अशी की कोंडी झाली की पोर्तुगीज सुतासारखे सरळ होतील. झाले काय? बटाटे हॉलंडहून आले. तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचे. पोलाद तर बेल्जियमचे, म्हणजे लोखंडाच्या डोंगरावर बसून आम्ही बेल्जियमचे खिळे ठोकत होतो. या सगळ्याची किंमत चुकवली कोणी? खनिजाने. त्याच दशकात जपानी कर्ज आणि यंत्रे आली, शिरगावच्या खाणीत फावड्यांच्या जागी यंत्रे घरघरू लागली. नाकेबंदीने पोर्तुगीज गेले नाहीत. ते १९६१ च्या डिसेंबरात फौजेने गेले. खाणी मात्र बाळसे धरून बसल्या. आमचे वडील लोक हॉलंडच्या बटाट्यांची आठवण पुढेही आवडीने काढत. बहिष्काराची आठवण इतकी चविष्ट असू नये.

दुसरे असे की खनिज पिशवीतून आले नाही, तरी दुसऱ्या दारांनी ते घरात शिरले. भाऊसाहेब बांदोडकर पेडण्यात जन्मलेले, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, स्वतः खाणमालक. त्यांच्या राज्यात गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. भाच्याची आई त्यातल्याच एकीत बाराखडी शिकली. ‘गोमन्तक’ दैनिक १९६२ साली चौगुल्यांनी काढले, ‘नवप्रभा’ धेंप्यांचे; दोघेही खाणमालक. म्हणजे खाणींविरुद्धचा अग्रलेख वाचायचा तर तोही कुठल्या छापखान्यातून येतो ते पाहून घ्यावे लागे. मडगावचे कॉलेज चौगुल्यांच्या नावाचे, पणजीचे धेंप्यांच्या, कायद्याचे साळगावकरांच्या, तेही खाणवालेच. फुटबॉलचे तर विचारूच नका. २००७-०८ पासूनच्या पाच आय-लीगपैकी तीन धेंपोने जिंकल्या, एक साळगावकरने. त्या वर्षांत गोव्यातून वर्षाला कोट्यवधी टन खनिज परदेशी जात होते, डिचोलीच्या रस्त्यांवर झाडांची पाने तांबडी होती, आणि आम्ही पेडणेकर टीव्हीपुढे गोल मोजत होतो. भाच्याने यादीत फुटबॉल घातलेला नाही. तो धेंपोचा आहे.

मग खाणी बंद पडल्या कशा? कोणाच्या पिशवीमुळे नाही. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला, त्यात ३४,९३५ कोटींच्या नुकसानीचा आकडा होता. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने काम थांबवले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ ला न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि फेब्रुवारी २०१८ ला ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. गोवा फाउंडेशन आणि क्लॉड अल्वारिस यांनी वर्षानुवर्षे कागदांच्या थप्प्या उपसल्या, तेव्हा हे झाले. कागद उपसणे हे माती उपसण्याइतकेच धुळीचे काम आहे, फोटो मात्र चांगला येत नाही. बहिष्काराचा येतो.

आणि बंद पडल्यावर? डिचोलीत माझ्या एका मेहुण्याचे दोन ट्रक होते, बँकेच्या कर्जावर घेतलेले. पहिल्या वर्षी त्याने ते अंगणात उभे केले आणि रोज सकाळी इंजिन सुरू करून बंद करायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. दुसऱ्या वर्षी एकाच ट्रकचे इंजिन ऐकू येई. त्याच अंगणात त्याची बायको मला म्हणाली, “दहा वर्षांनी पहिल्यांदा पापड वाळत घातले बघा, धूळ नाही.” नवरा-बायको दोघेही खरे बोलत होते आणि एकाच पायरीवर बसलेले होते. भाच्याने ही पायरी कोणत्या बाजूची, असे विचारले. मी चहा घेतला.

आमच्या पेडण्यात लोखंड फार नाही म्हणून आम्ही स्वच्छ, असा एक समज आहे. तेरेखोलपलीकडे रेडी, तिथे खाणी. १९७६ साली तिथल्या जमिनीतून द्विभुज गणपती निघाला, खणायला सुरुवात केली तीही एका ट्रकचालकाच्या स्वप्नावरून. अलीकडे आम्ही, आमच्याकडे चिरे. ज्या भिंतीला टेकून भाचा यादी लिहीत होता ती भिंत चिऱ्याची. पठारावर चौकोनी खड्डे आहेत, पावसाळ्यात भरतात आणि तलावासारखे दिसतात, म्हणून त्यांना कोणी खाण म्हणत नाही. नदीतली वाळू रात्री निघते, तिला तर कोणी काहीच म्हणत नाही. घरभरणीला सत्यनारायण घातला की चिरा पवित्र होतो. मी हे भाच्याला बोललो तेव्हा त्याने भिंतीला टेकणे सोडले आणि खुर्ची घेतली. खुर्ची लोखंडी होती. मी गप्प राहिलो, मामी हसली.

रात्री जेवताना त्याने सरळ विचारले, “मामा, तुम्ही सगळं खोडलंत. मग करायचं काय?”

मला जे माहीत होते ते सांगितले. सत्तरीतल्या सोनशी गावात २०१७ च्या एप्रिलमध्ये लोक धूळ आणि पाण्यासाठी ट्रकांच्या आडवे उभे राहिले आणि पंचेचाळीस जण तुरुंगात गेले. तुरुंगाची हवा खावी लागली म्हणतात; सोनशीच्या हवेपुढे ती बरीच असावी. ही माणसे कोणत्याही कंपनीची गिऱ्हाइके नव्हती. नकार द्यायला त्यांच्यापाशी खरेदी नव्हती, रस्ता होता. पिळगावच्या शेतकऱ्यांनी सारमानसला, आपल्या शेतांमधून जाणारा खनिजाचा रस्ता असाच अडवून धरला. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तर कंपनी दुसरा गिऱ्हाईक शोधते. शेत मात्र तिला दुसरे शोधता येत नाही, बंदराकडे जाणारा रस्ता त्याच शेतातून जातो.

“म्हणजे तुमचं म्हणणं, मी काही करू शकत नाही. मला शेतच नाही.”

“तुला इंग्रजी कायद्याचे कागद वाचता येतात. मेहुण्याला येत नाहीत. कर्जाचेही आले नव्हते.”

तो बराच वेळ भात कालवत राहिला. मग पिळगावला जायला गाडी कोणती, विचारू लागला. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, तिथे पुन्हा बदल, मी सांगितले. मामी म्हणाली, बुधवारी जा, बाजार असतो, येताना मिरच्या आण आणि एक कोयता बघ, आपला बोथट झालाय. भाच्याने फोनवर लिहून घेतले: पिळगाव, मिरच्या, कोयता. कोयत्यापुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलेले मी पाहिले, पण खोडला नाही.