दूधविनायकचे दूरदर्शी नाना

ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा आणि दूधविनायक या पट्ट्यात काशीतली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. या घरांत पौरोहित्य, पंचांग आणि भाऊबंदकी वंशपरंपरेने चाले. आता मुलं पुणे, बंगळूर नाहीतर न्यू जर्सीला. मागे दोन म्हातारी माणसं किंवा नुसतं कुलूप, आणि चौकटीवर कॅमेरा. जिथे कॅमेरा आहे तिथे नाना आहेत.

नाना कुठल्या खात्यातून निवृत्त झाले याला महत्त्व नाही. असा नाना प्रत्येक मोहल्ल्यात एक असतोच. त्याच्या खिशात टेस्टर असतो, गळ्यात दोन चष्मे असतात आणि धोतर नेसला तरी कनवटीला इंटरनेटच्या वायरची एक टोपी असते. चार घरांच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात आणि चाळीस घरांचे पासवर्ड.

कॅमेरा बसवायला दुकानातला पोरगा येतो. नाना त्याच्या कामाला मानत नाहीत. "खिळे ठोकणं म्हणजे बसवणं नव्हे. पुण्याला चित्र दिसलं पाहिजे!" रेकॉर्डरला ते डब्बा म्हणतात. डब्बा देवघराशेजारी, कारण घरात चालू प्लग तेवढाच. समईचा उजेड आणि डब्ब्याचा हिरवा दिवा एकत्र पाहून घरच्या काकूंनी सुरुवातीला दोघांनाही हळद-कुंकू वाहिलं होतं.

पहिल्या युगात नाना राउटरवर पोर्ट उघडून देत. 80, 554, 8000 हे आकडे ते रामरक्षेसारखे म्हणत. युजर 'अ‍ॅडमिन', पासवर्ड एक ते पाच, आणि तोही विसरू नये म्हणून फडताळाच्या दारावर खडूने लिहिलेला. मग 2016 साल आलं. 'मिराई' नावाच्या किडीने जगभरातले असेच कारखान्याच्या पासवर्डचे कॅमेरे आणि डब्बे काबीज केले, आणि 21 ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससकट बऱ्याच साइट आडव्या झाल्या. दुसरा कोणी हादरला असता. नाना चबुतऱ्यावर बसून म्हणाले, "आपला डब्बाही त्यात असणार. बघा, गल्लीबाहेर न पडता अमेरिकेला पोचला!" मात्र त्याच रात्री कंदील घेऊन निघावं तसे टॉर्च घेऊन ते घरोघर पासवर्ड बदलत हिंडले.

दुसऱ्या युगात खुद्द नानांचा पराभव झाला. पोर्ट उघडलं, डब्ब्याला घरातला कायमचा पत्ता दिला, तरी पुण्याला अंधार. शेवटी राउटरचा बाहेरचा नंबर पाहिला तर तो 100.64 च्या पुढचा. हा खरा पत्ताच नव्हे. आपल्या जुन्या वाड्यासारखा प्रकार: रस्त्यावर दिंडी एक, आत बिऱ्हाडं पन्नास, आणि बाहेरून आलेल्याने हाक मारली तर ओ कोणी द्यायची हे ठरलेलं नाही. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, बाहेरचा आपणहून आत येऊ शकत नाही. नानांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, स्टॅटिक आयपी का चार्ज अलग से लगेगा।" नाना म्हणाले, "बिटिया, हम गागाभट्ट के मोहल्ले से बोल रहे हैं।" 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक करणाऱ्या पंडिताची कंपनीकडे नोंद नव्हती. सवलत मिळाली नाही.

तेवढ्यात दुकानातल्या त्याच पोराने डब्ब्यावरचा चौकोनी ठिपक्यांचा कोड मोबाइलने टिपला आणि पान तोंडात घोळवत म्हणाला, "हो गया, गुरू।" पुण्याला चित्र! नानांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी खोट काढली: "म्हणजे डब्बा आधी कंपनीच्या सर्व्हरला जाऊन भेटतो आणि मग पुण्याशी बोलतो. दूधविनायकची गल्ली परक्याच्या ओसरीवरून का न्यायची?" शंका रास्त होती. म्हणून आता ते राउटरवर स्वतःचं व्हीपीएन बसवायच्या खटाटोपात आहेत, आणि त्यासाठी स्टॅटिक आयपीचे पैसेही मुकाट्याने भरतात.

इतकं करून दिसतं काय? दारात बसलेल्या सांडाची पाठ. रात्रभर मोबाइलवर 'हालचाल आढळली' म्हणून घंटा वाजते. हलते ती शेपटी. पहाटे पंचगंगेला स्नानाला निघालेले यात्रेकरू, दुपारी माकडं. याच काशीत घाटांवर टाकलेल्या फायबरच्या तारा माकडांनी कुरतडल्याची बातमी 2015 मध्ये जगभर गाजली होती. नाना ती अभिमानाने सांगतात आणि आपली वायर लोखंडी नळीतून नेतात. चोर अजून कोणाला दिसलेला नाही. समोरच्या माडीवरच्या आजी चोवीस तास गल्लीवर नजर ठेवतात आणि त्यांना वीज लागत नाही, तिथे चोराची काय छाती! पुण्याच्या सुनेला मात्र सासूबाई दुपारी बिनमफलरच्या बाहेर उभ्या दिसतात, आणि फोन येतो.

नानांना यातलं काही बघायचं नसतं. चित्र उमटेपर्यंत त्यांचा जीव त्यात असतो. उमटलं की संपलं. गेला महिनाभर सगळ्या घरांचं चित्र अखंड चालू आहे आणि नाना चिडचिडे झाले आहेत. काल मात्र चेहरा खुललेला दिसला. टेस्टर खिशात टाकत ते काकूंना म्हणाले, "जेवायला थांबू नका. डब्ब्याचं नवं फर्मवेअर आलंय."

काकूंनी लगेच पुण्याला फोन करून सांगितलं, "आता आठ दिवस आम्ही दिसणार नाही. काळजी करू नका, सगळं ठीक आहे."