शंभरचं टाकू?

मे महिना संपत आला होता. शनिवारची संध्याकाळ. काजवे बघायला निघालेल्या गाड्यांची रांग राजूरमधून शेंडी गावाकडं मुंगीच्या पावलांनी सरकत होती, आणि तिच्यातून फुटून एक लाल गाडी पंपावर येऊन टेकली. उभी राहिली असं म्हणवत नाही. जमिनीला ती इतकी लागून होती की आमच्या मामांनी आधी वाकून चारही चाकांत हवा आहे ना ते पाहून घेतलं. काच खाली आली.

"भाऊ, हंड्रेड आहे का?"

पंपावरच्या पोरानं गाडीकडं पाहिलं, मग तिच्या मालकाकडं. "शंभरचं टाकू? एवढ्या गाडीत शंभरचंच?"

चूक पोराची नाही. आमच्याकडं शंभरचं म्हणजे शंभर रुपयांचं. बाजाराला आलेला माणूस शंभरचं टाकतो, अकोल्याला तहसिलीत खेटे घालायचे असतील तर दोनशेचं टाकतो, आणि टाकी फुल्ल होते ती वरातीच्या आधी, तीही नवऱ्या मुलाच्या मामाच्या खर्चानं. ऑक्टेन नावाचं माप या पंपावर आजवर कुणी मागितलं नव्हतं.

"शंभर ऑक्टेन म्हणतोय मी."

"ते नाही दादा. साधं आहे नि भारीतलं आहे. भारीतलं मारू?"

पुण्याचा माणूस बाहेरगावी चहाचा पहिला घोट घेताना जसा चेहरा करतो, तसा मालकांचा झाला. "अहो, ही स्टेज वन आहे."

मामा चपापले. "अरेरे. कुठं दाखवलं?"

"पिंपरीला."

"मग? रिपोर्ट काय म्हणतात?"

"तीस बीएचपी वाढले."

"वाढले?" मामांचा आवाज अगदी खाली आला. "जपा हो स्वतःला."

स्टेज वन म्हणजे काय ते मग हळूहळू उलगडलं. इंजिनाच्या संगणकाला लॅपटॉप जोडायचा आणि कारखान्यानं घालून दिलेलं ठिणगीचं नि टर्बोचं वेळापत्रक बदलून टाकायचं. टर्बो आणखी हवा कोंबतो, गाडी आणखी पळते. पण जितकं जास्त कोंबाल, जितकं जास्त दाबाल, तितकी नॉकिंगची भीती वाढते. ठिणगी पडलेली असते, तिची ज्योत सिलिंडरभर पसरत असते, आणि ती पोहोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबानं नि उष्णतेनं आपलं आपणच फुटतं. झेंडा पडायच्या आधी सुटलेली बैलजोडी जशी. जोर दिसतो, धुरळा उडतो, पण शर्यतीत धरत नाहीत. वर धडक बसते ती पिस्टनला. इंजिन टकटक करायला लागलं की मिस्त्री म्हणतो, "नॉक मारतंय."

दाबाखाली असं आततायीपणानं न पेटण्याची पेट्रोलची जी सहनशक्ती, तिचं माप म्हणजे ऑक्टेन. अमेरिकेत ग्रॅहम एडगर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९२६ साली हे माप बसवलं. आयसो-ऑक्टेन हे शहाणं द्रव्य, त्याला १००. हेप्टेन हे उतावळं, त्याला शून्य. गंमत म्हणजे त्याच १९२६ साली आमच्याकडं भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं. दोन्हीकडं काम एकच, दाब सोसायचा आणि वेळेआधी फुटायचं नाही. धरणानं ते शंभर वर्षं निभावलं, त्याला कुणी प्रीमियम म्हटलं नाही.

तर ऑक्टेनला ताकद समजू नका. शंभरच्या लिटरात ९१च्या लिटरापेक्षा जास्त जोर भरून ठेवलेला नसतो. ज्या इंजिनात दाबच जास्त आहे, त्याला तो जोर नीट वापरू देण्यापुरतं ते उपयोगी. गाडीला काय लागतं ते टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं, किमान ९१ किंवा किमान ९५. तो एक आकडा वाचला की हा सगळा वाद मिटतो. पण तो वाचायला खाली उतरावं लागतं, आणि आपण पेट्रोल भरताना फोनमध्ये बघत असतो.

झाकणावर ९५ असेल आणि तुम्ही ९१चं टाकलंत, तरी आजकालची गाडी लगेच मोडत नाही. नॉक ऐकणारा एक सेन्सर इंजिनाला कानासारखा लावलेला असतो. टकटक कानावर आली की संगणक ठिणगी उशिरा पाडतो. गाडी चालते, पण मरगळते, आणि ज्या ताकदीचे तुम्ही पैसे मोजलेत ती तुम्हाला मिळत नाही. उलट झाकणावर ९१ असेल आणि तुम्ही शंभरचं ओतलंत, तर फायदा होतो. कंपनीला.

लाल गाडीवाल्यांची बाजू एकवेळ मान्य. वेळापत्रकच शंभरच्या हिशेबानं बसवून घेतलं असेल तर शंभर लागणार. मला हसू येतं ते त्यांच्या मागं रांगेत उभ्या असलेल्या आमच्या गाववाल्याचं. शंभर सीसीची मोटारसायकल, मागं दोन पोती कोंबडीखाद्य, पुढं पोरगं, आणि ऐटीत सांगतो, "भारीतलं टाक, पिकअप येतो." पिकअप येतो खरा, पण पोती उतरवल्यावर.

इंडियन ऑइलनं शंभर ऑक्टेनचं एक्सपी-१०० बाजारात आणलं १ डिसेंबर २०२० ला, पहिल्या टप्प्यात दहा शहरांत. त्यात मुंबई-पुणं होतं, राजूर नव्हतं. दिल्लीत तेव्हा त्याचा भाव लिटरला १६० रुपये, म्हणजे साध्याच्या जवळजवळ दुप्पट. असलं महागाचं भरून मालक पुण्याहून निघाले. वाटेतल्या ट्रकांमागं नि अकोल्याच्या गर्दीत त्यांचं अर्धं शंभर ऑक्टेन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जळलं. राजूरच्या पुढं तर रस्ता असा की प्रत्येक गतिरोधकाशी गाडीला वाटाघाटी कराव्या लागतात. तिरकी घालायची, श्वास रोखायचा, खालून खरखर आवाज आला की बायकोकडं न बघता म्हणायचं, "काही नाही, दगड होता."

आणि एक. भंडारदऱ्याच्या जलाशयाची पातळीच समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. उंचीवर हवा विरळ, सिलिंडरमध्ये दाब कमी, त्यामुळं साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ऑक्टेनची भूक थोडी उतरतेच. अमेरिकेत रॉकी पर्वताकडच्या राज्यांत याच कारणानं हलक्या ऑक्टेनचं पेट्रोल राजरोस विकतात. म्हणजे घाट चढून आल्यावर पेट्रोल भारीतलं हवं, ही समजूत बरोबर उलटी आहे. टर्बोवाले यातून सुटले. टर्बो ती तूट पंप मारून भरून काढतो.

भारीतल्या पेट्रोलात साफसफाईची द्रव्यं जास्त असतात, हे खरं. इंजेक्टर स्वच्छ राहतात. पण नव्या जलद गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्येच फवारतात, हवेच्या झडपांवरून ते वाहतच नाही. मग झडपा धुणार कोण? दार बंद ठेवून अंगण झाडायला सांगण्यातला प्रकार.

इकडं पंपावर मालक फोनवर गणित करत होते. टाकीत पंधरा लिटर शंभरचं, वर पंधरा लिटर ९५चं, सरासरी साडेसत्त्याण्णव. "चालेल," ते स्वतःशीच म्हणाले. मग पोराकडं वळून त्यांनी खरा प्रश्न विचारला.

"यात इथेनॉल नाही ना?"

आता कळलं. शंभरच्या मागं लागायचं अर्धं कारण हे होतं. एक्सपी-१०० मध्ये इथेनॉल मिसळत नाहीत. गाडी काही वर्षांपूर्वीची, वीस टक्के इथेनॉल पचवायला बनवलेली नाही. ही काळजी मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. मायलेजचं तर नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलंय, बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकीचं सहा-सात टक्क्यांनी घटेल म्हणून. ऑक्टेनपेक्षा चर्चा याची व्हायला हवी. पण पंपाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत आकडा असतो तो ऑक्टेनचा.

आणि इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन किती? १०८च्या घरात. लिटरामागं जोर मात्र पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. ऑक्टेन भरपूर नि ताकद कमी, असं एकाच बाटलीत बघायचं असेल तर ते हेच. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की वीस टक्के मिसळल्यामुळं आपलं साधं पेट्रोल ९१ वरून ९५ ऑक्टेनला गेलंय. म्हणजे मंत्रालयाचा शब्द धरला तर साध्याच्या नळातून ९५ येतंय, आणि शेजारच्या नळातून ९५ म्हणून येतंय तेही इथेनॉल घातलेलंच. मधले रुपये साबणाचे नि नावाचे.

"इथेनॉल सगळ्यातच असतं दादा," पोरगं म्हणालं. "उसाचं."

"कुठल्या उसाचं?"

टँकरमधल्या थेंबावर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. पण या जिल्ह्यात ऊस म्हटला की बोट प्रवरेकडंच जातं. रतनगडाकडून ती निघते, भंडारदऱ्याला अडते, रंध्याला उडी घेते, निळवंड्याला पुन्हा अडते, आणि मग खाली अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या उसात शिरते. त्याच पाण्याच्या जोरावर १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस गाळला की साखर, साखरेमागं मळी, मळीमागं इथेनॉल. ते डेपोत पेट्रोलात मिसळतात आणि टँकर घाट चढून वर येतो. वरच्या पाड्यांवर मे महिन्यात दुसरा टँकर येतो. तो पाण्याचा.

मामांनी हे सगळं मन लावून ऐकलं. "म्हणजे पाणी आपलं, ऊस खालच्यांचा," ते म्हणाले, "नि ह्ये साहेब पुण्याहून दीडशे रुपये लिटर मोजत आले, ते आपल्या पाण्याला चुकवायला?"

मालकांनी पाच लिटर टाकायला सांगितलं. साधं. पोरानं झिरो दाखवला, त्यांनी तो दोनदा तपासला, आणि गाडी तिरकी करून, श्वास रोखून पंपाबाहेर काढली. पुढं पेढ्याच्या दुकानासमोर ती पुन्हा टेकली. राजूरला येऊन पेढे न घेता जाणारा माणूस अजून जन्मायचाय.

काच खाली आली. आवाज इथपर्यंत ऐकू आला.

"भाऊ, यात साखर कमी असलेले आहेत का?"