फरक सर

गणिताच्या शिक्षकाच्या अपेक्षा फार नसतात. तासाला गेल्यावर मुलं जागेवर असावीत, खडू सापडावा आणि फळा कोरा मिळावा. नववी ब मध्ये यातलं एकही सुख मला गेल्या अकरा वर्षांत लाभलेलं नाही. कारण तिथं माझ्या आधीचा तास मराठीचा असतो, आणि मराठीला फरक सर आहेत.

त्यांना खरं नाव आहे, पण ते मस्टरवर आणि बँकेच्या पासबुकात. ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न इतर विषयांत परीक्षेपुरता येतो, सरांच्या तासाला रोज येतो. म्हणून मुलांनी बारसं उरकून टाकलं. मुलांचं ऐकून शिपाई तसं म्हणू लागले, आणि एकदा भर पालकसभेत मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडूनही तेच निसटलं. स्टाफरूमला या नावाचा एकच त्रास. ‘फरक आला’ असं कुणी दारातून म्हटलं की सगळे महागाई भत्त्याच्या आशेनं अर्धे उठतात, आणि बघतात तर हे, खांद्याला शबनम अडकवून.

गळ्यात दोन चष्मे लोंबत असतात. एक पुस्तकाचा, एक पडद्याचा. “बायफोकल घ्या की,” असं मी एकदा म्हणालो. “नको सर, माध्यमांची अशी भेसळ करू नये,” ते म्हणाले. ते गंमत करत होते असं मला वाटलं होतं. ते गंमत करत नव्हते.

वर्गात शिरले की सर आधी फळ्याच्या मधोमध वरून खाली एक उभी रेघ ओढतात. ती इतक्या जोरानं, की डस्टरनं जात नाही, ओलं फडकं लागतं. डावीकडे लिहितात ‘कादंबरी’, उजवीकडे ‘सिनेमा’. कधी ‘नाटक’ आणि ‘चित्र’, कधी ‘कविता’ आणि ‘गाणं’. मग तीन प्रश्न. तिकडचं इकडे काय आलं? काय गळलं? नवं काय घातलं? इथवर मुलं भराभर लिहितात. नंतर सर चौथा प्रश्न विचारतात, “का?” कृतिपत्रिकेत ‘का’साठी चौकट नसते, त्यामुळं मुलं पेन खाली ठेवतात. सरांचा तास खरा तिथं सुरू होतो, आणि घंटा होऊन माझा तासही तिथंच सुरू झालेला असतो.

त्यांच्या वर्गात एका वाक्याला बंदी आहे: ‘सिनेमापेक्षा पुस्तकच चांगलं.’ जगातले सगळे सुशिक्षित लोक थिएटरातून बाहेर पडताना हेच म्हणतात. सर म्हणतात, “हा निकाल झाला. साक्षीदार कुठं आहेत?” आणि शिक्षा म्हणजे त्या पुस्तकातला एक प्रसंग वर्गापुढं मुक्यानं करून दाखवायचा. पहिला नंबर कधी न सोडणाऱ्या एका मुलीला ‘बनगरवाडी’तले नवे मास्तर गावात पहिल्यांदा येतात तो प्रसंग मुक्यानं करावा लागला. पाच मिनिटं ती बिचारी दप्तर घेऊन बाकांमधून नुसती चालत होती. शेवटी घामाघूम होऊन म्हणाली, “सर, माडगूळकरांनी मास्तरांच्या मनातलं लिहिलंय, ते चालून कसं दाखवू?” सरांनी टाळी वाजवली. “हाच प्रश्न १९९५ साली अमोल पालेकरांना पडला असणार! बस खाली.”

दुसऱ्या टोकाला मागचा बाक. तिथून ‘कादंबरी आणि सिनेमा’चा फरक आला होता: ‘पुस्तकाला चार्जिंग लागत नाही.’ मी असतो तर पोराला उभं केलं असतं. सरांनी ते वाक्य वळणदार अक्षरात डावीकडं लिहिलं आणि खाली विचारलं, “मग पुस्तक चालतं कशावर?” वर्ग गप्प. “तू थांबलास की ते थांबतं. तू झोपलास की तेही झोपतं. म्हणजे चार्जिंग लागतंच, पण ते तुझं.” आणि मग स्वतःशीच, “छान आहे हे. वहीत घ्या.” वर्गानं वहीत घेतलं. आता ती मुलं दहावीत कुठल्या उत्तरात हे वाक्य घालतील, देव जाणे.

चित्राची गोष्ट निराळी. सरांकडे राजा रविवर्म्याच्या शकुंतलेची कॅलेंडरातून कापलेली एक छापील प्रत आहे. पायातला काटा काढायच्या निमित्तानं थांबून, मान वळवून मागं बघणारी ती. सर आधी कालिदासाचा पहिला अंक सांगतात: निघताना शकुंतलेच्या पायात दर्भ रुततो, वल्कल फांदीत अडकतं, आणि हे सगळं रुतायला-अडकायला दुष्यंत समोर असावा लागतो. मग चित्र फळ्यावर टाचतात. एकदा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, यात दुष्यंतच नाही.”

“तू कुठं उभा आहेस?”

“इथं. खिडकीपाशी.”

“ती कुणाकडं बघतेय?”

मुलानं नीट पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. “माझ्याकडं.”

“मग दुष्यंत सापडला,” सर म्हणाले. “नाटकात दुष्यंताला वेगळा नट लागतो. चित्रकारानं ते काम बघणाऱ्यालाच दिलं. आणि नाटकातली शकुंतला पाय दुखतो असं बोलून सांगू शकते. चित्रात तोंड उघडायची सोय नाही, म्हणून ते सगळं त्या मानेवर सोपवलंय.” धडा पक्का झाला. एवढंच, की त्या मुलाला पोरं दुष्यंत म्हणू लागली. नववी संपली, दहावी संपली, आता म्हणे तो आयटीआयला आहे आणि तिथंही दुष्यंतच आहे.

सरांचा दुष्टपणा मात्र मी एकदाच पाहिला. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये बीजावरचं जे प्रसिद्ध गाणं आहे, ते दोघा मुलांना दिवाळीच्या सुट्टीत गाथेतून शोधून आणायला सांगितलं. गाथेत अभंग चार हजारांहून जास्त. मुलं चिकट निघाली. सुट्टी संपल्यावर रडवेल्या तोंडानं आली, “सर, सगळं बघितलं. सापडलं नाही.”

“सापडणार नाहीच. ते तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांचं आहे. सिनेमासाठी लिहिलेलं.”

मुलांनी सरांकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मला विसरता येत नाही. पण फुटण्याआधी त्यातला एक म्हणाला, “तरीच सर. ते जरा जास्तच गुळगुळीत होतं. गाथेतले अभंग मधेच टोचतात.” सरांनी त्याला स्वतःच्या डब्यातला लाडू दिला. चार हजार अभंग चाळल्याशिवाय हे वाक्य येत नाही, असं ते मला नंतर म्हणाले. मी म्हणालो, माझ्या विषयात याला सिद्धता म्हणतात, आणि तिला लाडू मिळत नाही.

डब्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. घरून काहीही येवो, ते सरांसाठी ‘रूपांतर’ असतं. “संहिता ‘रुचिरा’ची,” मटकीची उसळ उघडत ते म्हणतात, “कमलाबाई ओगल्यांनी गूळ घातलाय. आमच्याकडच्या दिग्दर्शिकेनं गाळला. का गाळला असेल?” या ‘का’चं उत्तर त्यांना घरी विचारायचं धैर्य नाही, म्हणून ते आम्हाला विचारतात. लग्नाला गेले तर पत्रिका आणि प्रत्यक्ष लग्न यांची तुलना. पत्रिकेत ‘आहेर आणू नये’, प्रत्यक्षात टेबल मांडून वहीवाला बसलेला. “बघा सर, मूळ मजकुरापासून किती मोकळीक घेतलीय!”

पालकांना हे सगळं पटतं असं नाही. एका सभेत एक गृहस्थ तावातावानं आले. फ्लेक्सचं दुकान आहे त्यांचं. “सर, पोरगा सिनेमे बघतो, विचारलं तर म्हणतो अभ्यास आहे. याचे मार्क किती?” सरांनी मार्कांचं काहीच सांगितलं नाही. विचारलं, “वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटो मोठा आणि मजकूर बारीक का असतो हो?” गृहस्थ म्हणाले, “गाडीवरून जाणारा वाचत बसतो का? त्यानं तोंड ओळखलं पाहिजे.” “आणि त्याच माणसाची बातमी पेपरात द्यायची झाली तर?” गृहस्थ विचारात पडले, खुर्ची ओढून बसले. पुढचा अर्धा तास फ्लेक्स, पेपर आणि रिक्षावरचा भोंगा यांत एकाच वाढदिवसाचं काय काय होतं यावर चर्चा चालली आणि मागं पालकांची रांग दारापर्यंत गेली. जाताना गृहस्थ म्हणाले, “पोराला म्हणावं, घरी येऊन मलाही सांग.” मार्कांचं राहिलंच.

या सगळ्यात माझं नुकसान असं की सर तास मागून घेतात. “सर, आजचा तेवढा द्या, उद्या परत करतो.” कर्ज बुडवणारे लोक हेच वाक्य वापरतात. मी गणिताचा माणूस, हिशेब ठेवतो. ‘श्यामची आई’ दाखवायचं ठरलं तोवर माझे ४३ तास त्यांच्याकडं येणं होतं. त्या दिवशी त्यांनी सलग दोन नेले.

हॉलच्या खिडक्यांना स्नेहसंमेलनाचे जुने पडदे लावून अंधार केला होता. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा सिनेमा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक सुरू झालं तेव्हाचा पहिला मानकरी. मुलांनी पुस्तकातली काही प्रकरणं आधी वाचली होती. शाळेतल्या छडीचं गाणं सुरू झालं तशी मुलं ठेका धरू लागली आणि एकीनं अंधारातून विचारलं, “सर, हे पुस्तकात आहे का?” सरांनी आनंदानं सिनेमा थांबवला. “नाही! साने गुरुजी हे सगळं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहीत होते. तिथं वसंत देसाईंची चाल कुठून असणार? पुस्तक फार रडवायला लागलं तर तुम्ही मिटून ठेवता. थिएटरात ती सोय नाही, म्हणून अत्र्यांनी मधे दंगा करायला सुट्टी दिली.” सिनेमा परत सुरू झाला, आणि दहा मिनिटांत लाइट गेली.

मी नेमका तेव्हा दाराशी पोचलो. निदान दुसरा तास सोडवून आणावा म्हणून गेलो होतो. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. पन्नास मुलं, मिट्ट काळोख, शिट्ट्या सुरू झालेल्या. त्यातून सरांचा आवाज आला, नेहमीचाच, प्रश्न विचारायचा.

“श्याम या गोष्टी कुणाला सांगतो?”

“आश्रमातल्या मित्रांना.”

“केव्हा?”

“रात्री.”

“प्रकरणांना नावं काय आहेत?”

“रात्र पहिली, रात्र दुसरी...”

“मग आत्ता काय झालीय?”

मागून कुणीतरी म्हणालं, “रात्र झालीय सर. दुपारची दोनची.” हशा झाला, आणि तो ओसरेपर्यंत सरांनी गोष्ट सुरू केली होती. आंघोळ झालेला लहान श्याम. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून त्याचा हट्ट. त्याच्या पायाखाली आपलं लुगडं पसरणारी आई. आणि पायांना जपतोस तसा मनालाही जप, हे तिचं सांगणं. सर नाटकी बोलले नाहीत. आवाज चढवला नाही, थांबायचं तिथं फक्त थांबले. गोष्ट संपल्यावरही कुणी शिट्टी मारली नाही.

मग लाइट आली. मला जे दिसलं ते एवढंच: पहिल्या रांगेतल्या तिघांनी पाय फरशीवरून उचलून बाकाच्या पट्टीवर घेतले होते. हॉलला झाडू मारून आठवडा झाला असेल. दाराशी मीही एका पायावर उभा होतो.

दुसऱ्या दिवशी नववी ब च्या फळ्यावर दोन रेघा होत्या. पुस्तक, सिनेमा, आणि तिसऱ्या भागात ‘काळोखात सांगितलेली गोष्ट’. मला ओलं फडकं दुप्पट लागलं.

त्याच आठवड्यात मी स्टाफरूममध्ये दोन चलांच्या समीकरणांचं टाचण काढत बसलो होतो. सर शेजारी येऊन वाकले, पुस्तकाचा चष्मा लावून. “एकच गोष्ट तीनदा सांगितलीय की तुम्ही. समीकरण, कोष्टक, आलेख. आलेखात असं काय दिसतं जे समीकरणात दिसत नाही?”

मी म्हणालो, “दोन रेषा कुठं भेटतात ते नजरेला दिसतं.”

“आणि काय हरवतं?”

“नेमकेपणा. पेन्सिल जाड असली की उत्तर सरकतं.”

“का?” असं ते म्हणणार इतक्यात घंटा झाली.

वीस वर्षं मी आलेख शिकवतो आहे. हा प्रश्न मी वर्गाला कधी विचारला नव्हता. परवा विचारला, आणि माझा तास पुढच्या भूगोलाच्या तासात सात मिनिटं घुसला. भूगोलाच्या बाई दाराशी उभ्या होत्या, माझ्याकडं त्याच नजरेनं बघत.

फळ्यावरची ती उभी रेघ आता मी पुसत नाही. तिलाच वाय अक्ष धरून आलेख काढतो. तेवढंच फडकं वाचतं. येणं मात्र ४५ तासांवर गेलं आहे, आणि तो फरक अजून जमा झालेला नाही.