वाशी नाक्यावर भेटलेला वारसा

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात एक कुत्रा भुंकतो, पाठोपाठ मांजर म्याव करतं, आणि इनहेरिटन्स, म्हणजे वारसा, शिकवून संपतं. ‘ॲनिमल’ हा मूळ क्लास, ‘डॉग’ आणि ‘कॅट’ ही त्याची लेकरं. प्रिंटआउट जर्नलमध्ये, जर्नलवर सही. तोंडी परीक्षेत प्रकार विचारले की मुलं घडाघडा म्हणतात: सिंगल, मल्टिपल, मल्टिलेव्हल, हायरार्किकल, हायब्रिड. हे सगळं कशासाठी, असं विचारलंच तर ‘कोड पुन्हा लिहावा लागत नाही, सर.’ पैकीच्या पैकी गुण.

पुढे हा मुलगा नोकरीला लागतो आणि अख्ख्या कंपनीत एकही कुत्रा नसतो.

मुळात ही गोष्ट प्राण्यांची नव्हतीच, टोलनाक्याची होती. १९६०च्या दशकात ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नायगार्ड ‘सिम्युला’ ही भाषा घडवत होते. खऱ्या जगातले व्यवहार संगणकावर चालवून पाहायचे, हा त्यांचा उद्योग. उदाहरण घेतलं होतं पुलावरच्या टोलनाक्याचं. रांगेत ट्रक, रांगेत बस. ट्रकमध्ये माल, बसमध्ये माणसं, म्हणजे दोघांची माहिती वेगळी. पण रांगेत उभं राहणं आणि पुढे सरकणं दोघांनाही सारखंच. तेव्हा सारखं ते एका मूळ क्लासमध्ये ठेवा आणि वेगळं ते त्याच्या पोटातल्या क्लासांमध्ये. ‘सिम्युला ६७’मध्ये ही कल्पना आली आणि दोघांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. टोलनाक्यावर त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ आपण काढला आहे. आपल्याला शिव्या तेवढ्या सुचल्या.

तर वाशीचा नाका घ्या. ‘वाहन’ नावाचा क्लास लिहा. त्याला नंबर असतो, फास्टॅग असतो, रांगेत जागा असते. टोल किती? इथे पेन थांबतं. कारचा टोल सांगता येतो, ट्रकचा सांगता येतो. नुसत्या ‘वाहना’चा कसा सांगणार? नुसतं वाहन रस्त्यावर कुणी पाहिलंय? म्हणून तिथे टोल सांगणाऱ्या मेथडचं फक्त नाव लिहायचं, आत काही नाही, आणि वर ‘ॲब्स्ट्रॅक्ट’चा शिक्का मारायचा. भर मांडवात ‘जावईबापूंना अंगठी घालू’ म्हणून मोकळा होणारा बाप तो हाच. अंगठी पोरांनी आणायची. पोरांनी हात वर केले तर जावाचा कंपाइलर प्रोग्रॅम पुढेच जाऊ देत नाही. पायथन जरा सैल आहे. तो ऑब्जेक्ट बनवायची वेळ आली की अडवतो. आणि सी प्लस प्लसमध्ये असल्या मेथडपुढे चक्क ‘बरोबर शून्य’ लिहितात, कारण भाषेत ऐनवेळी नवा शब्द घुसवला तर कुणी मान्य करणार नाही हे तिचे कर्ते बियार्न स्ट्राउस्ट्रप ओळखून होते. शून्यावर भागलं.

या मोकळ्या सोडलेल्या मेथडमध्येच सगळी गंमत आहे, आणि शिकवताना नेमकी तीच उरकली जाते. रांग हाकणारा कोड समोर कोण आलंय ते विचारत नाही. तो फक्त म्हणतो, ‘तुझा टोल सांग.’ ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. नाक्याचा कोड असा लिहिलेला असेल, तर हलक्या वाहनाच्या क्लासात एका ओळीचा बदल: टोल शून्य. रांग, पावती, फास्टॅग यांना बोटही लावायचं नाही. ‘कार असेल तर अमुक, बस असेल तर तमुक’ असं पन्नास ठिकाणी पेरून ठेवलं असेल तिथे मात्र निर्णय मंत्रिमंडळाचा आणि जागरण प्रोग्रॅमरचं.

म्हणजे वारसा घ्यायचा तो एका रांगेत उभं राहता यावं म्हणून. फुकटचा कोड पदरात पडावा म्हणून नव्हे. फुकटाच्या नादात काय होतं ते पाहायला लांब जायला नको, खुद्द जावाच पुरे. १९९६च्या पहिल्या आवृत्तीत ‘स्टॅक’ हा क्लास ‘व्हेक्टर’चा वारस केला गेला. स्टॅकचा धर्म एकच: शेवटी आला तो आधी बाहेर. पण व्हेक्टरमध्ये वाटेल त्या जागी वस्तू घालता-काढता येते, आणि वारशात ती सोयही आली. रांगेत मधेच गाडी घुसवायला अधिकृत परवाना! दोनच वर्षं आधी, १९९४ साली, ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकाच्या चार लेखकांनी बजावलं होतं की दुसऱ्या ऑब्जेक्टकडून काम करून घेता येत असेल तर त्याचे वारस होऊ नका. ऐकतो कोण.

आता जावाची अधिकृत माहितीच सांगते की स्टॅकऐवजी ‘डेक’ वापरा. पण स्टॅक काढून टाकायची सोय नाही. जुने प्रोग्रॅम कोसळतील. २००९मध्ये जाहीर झालेल्या गूगलच्या ‘गो’ भाषेने तर क्लासांचा वारसा हा प्रकारच ठेवला नाही. अमुक मेथड तुझ्याकडे हव्यात, एवढी अट सांगणारा इंटरफेस मात्र ठेवला. मालमत्ता बाद, जबाबदारी कायम.

नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्यांनी हे सगळं मनात ठेवावं आणि जावाचा ‘स्टॅक’ पाठ करूनच जावं. विचारणाऱ्यानेही तोच पाठ केलेला असतो.