रसदप्रमुख

पानिपतच्या टाऊनशिपमध्ये जानेवारीत पहाटे पाचला बाहेर दाट धुकं आणि एखाद्याच स्वयंपाकघरात दिवा दिसला, तर आत मराठी बाई डबा करतेय असं खुशाल समजावं. जिल्ह्यातल्या बाहोलीला १९९८ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. नोकरीच्या निमित्तानं इथं येऊन राहिलेल्या मराठी बिऱ्हाडांत हा एक नमुना हमखास सापडतो. नवरा शिफ्टला, मुलगा पहिलीत आणि हिच्या डोक्याला एकच घोर : उद्या डब्याला काय? बाकीच्या मराठी बायकांनी हिचं नाव ठेवलंय, रसदप्रमुख.

नाव ठेवणाऱ्यांना इतिहास ठाऊक होता. १७६०च्या नोव्हेंबरात भाऊसाहेबांच्या सैन्याची छावणी इथंच पडली. पुढं अब्दालीनं वाटा रोखल्या, रसदीची मदार असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि १४ जानेवारी १७६१ला उपाशी माणसं रणात उतरली. काला आंबचं स्मारक पाहून परतताना बाकीचे विश्वासरावांसाठी हळहळतात. हिची हळहळ निराळी. ‘‘सुकं काहीतरी बरोबर हवं होतं हो. दशम्या, निदान चिवडा!’’

तिच्या स्वतःच्या मोहिमेत हयगय नाही. सोमवारच्या पोळीची मंगळवारी ती भाजी भरून सुरळी करते, बुधवारी गूळ-तूप घालून लाडू वळते. बीट पुरीच्या कणकेत जातं, पालक धिरड्यात, आणि गाजराचा कीस इडलीत. इडल्या रुपयाएवढ्या. थालीपिठाचे तुकडे वाटीनं गोल कापायचे, कारण त्रिकोणी थालीपीठ ‘टोचतं’ अशी चिरंजीवांची तक्रार आहे. तरी ‘थालीपीठ’ हा शब्द वर्गात चालेना. शेवटी पुण्याहून आलेली भाजणी तशीच ठेवून तिनं फक्त नाव बदललं : ‘मराठा पराठा’. त्या दिवसापासून डब्यात एक कण उरत नाही.

साधारण दोन ते सहा या वयात मुलं नव्या पदार्थाला बिचकतात. तो आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आला की मग कुठं जीभ सैल सोडतात, असं आहारतज्ज्ञ सांगतात. हे वाचल्यापासून तिनं दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूनं नोंदी सुरू केल्या. ‘भोपळा, खेप सातवी : वास घेतला. खेप नववी : चाटला. खेप अकरावी : बोटानं ढकलला, पण हसून.’ बाराव्या खेपेला घारगे गेले आणि डबा रिकामा आला. तिनं नवऱ्याला कामावर फोन केला. हा जय भोपळ्याचा की गुळाचा, असं त्यानं विचारल्यावर ठेवूनही दिला.

जपानी आया भाताचे प्राणी करून डब्यात बसवतात, त्या कलेला ‘क्याराबेन’ म्हणतात, हे कळल्यावर एका रविवारी तिनं पांडा घडवला. भाताचं डोकं, काळ्या मनुकांचे डोळे आणि कान. सोमवारी पांडा जसाच्या तसा घरी आला. मुलाच्या डोळ्यांत पाणी. ‘‘तो माझ्याकडे बघत होता. कसा खाऊ?’’ प्राणी त्याच दिवशी बंद झाले. आता फक्त चांदण्या आणि बस.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की डावपेच बदलतात. अशा उकाड्यात शिजवलेलं अन्न तासाभरावर बाहेर ठेवू नये, म्हणून नारळाची चटणी आणि उकडलेला बटाटा रजेवर जातात. दहीभात कालवते तो दुधात, वर दही नावापुरतं, आणि बाजूला बर्फाची पिशवी. द्राक्षं मात्र बारमाही उभी चिरून, चार-चार फाका करून; लहान मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं. अख्ख्या शेंगदाण्यालाही याच कारणानं प्रवेश नाही, त्याचा कूट चालतो. शेजारणीनं प्रेमानं दिलेलं पानिपतचं नामांकित पचरंगा लोणचं नवऱ्याच्या डब्यात वळतं होतं.

ती शेजारीण एकदा सकाळी दारात आली. हातात वही. ‘‘भाभीजी, यो मराठा पराठा के सै? म्हारा छोरा रोज यही माँगै सै.’’

रसदप्रमुख खुलली. धणे, जिरे, ज्वारी, हरभरा, उडीद, सगळं भाजायचं, असं सांगत असतानाच तिला शंका आली. त्यांचा छोरा हे रोज खातो, तर आपला काय खातो?

चौकशीत सत्य बाहेर पडलं. आधी छुट्टीत, म्हणजे आपल्या मधल्या सुट्टीत, वर्गात बाजार भरतो. एका मराठा पराठ्याला अर्धा गोभी पराठा, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. भोपळ्याच्या घारग्याला भाव जास्त, दोन घारग्यांत एक चुरम्याचा लाडू. चिरंजीव तीन महिने आईच्या डब्यातला एक कणही न खाता गुटगुटीत होत होते.

त्या रात्री तिनं वही उघडली. बाराव्या खेपेवर काट मारली, पुन्हा वाचली, काट खोडली. सकाळी डब्यात नेहमीच्या चारऐवजी सात थालीपिठं गेली आणि मुलाला दारातच बजावण्यात आलं, ‘‘सहा विक. एक खा. आणि येताना गोभीचा अर्धा तुकडा मला आण.’’